सासूबाईंना शहर दाखवताना

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. अंबरनाथ पूर्वेला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि हे जवळच्याच एका कारखान्यात फिटर होते. माझं माहेर इगतपुरीचं, त्यामुळे अंबरनाथ मलाही नवंच. घर, भाजीबाजार, पिठाची गिरणी आणि स्टेशन, एवढंच मी पाहिलं होतं. अशात एक दिवस यांनी जाहीर केलं, की आईला बोलावलंय. तिनं जन्मात वर्ध्यापलीकडे काही पाहिलेलं नाही, तिला महिनाभर ठेवून घ्यायचं आणि सगळं दाखवायचं.

सासूबाईंची मला धास्ती होती. लग्नानंतर गावी जे थोडे दिवस काढले, त्यात त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, कानामागून दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सासरे घरात असले की त्यांचा आवाज चुलीच्या पलीकडे येत नसे. हसताना तर मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

त्या आल्या आणि नेमका कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला. यांनी सरळ हात वर केले.

"तू ने तिला. तुझंही पाहून होईल."

"मला तरी कुठं काय माहितीय?"

"मग दोघी मिळून शोधा."

पहिल्यांदा गेलो ते जुन्या शिवमंदिरात. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती, दुसरा देव नाही. पण अंबरनाथला आलेला माणूस ते देऊळ पाहिल्याशिवाय परत जात नाही आणि आम्हीही नवस बोलायला नाही, दगड बघायलाच गेलो होतो. सासूबाई मान वर करकरून बाहेरच्या भिंती न्याहाळत होत्या. नाचणाऱ्या बायका, हत्ती, झिजलेले चेहरे. एका मूर्तीपाशी थांबून त्यांनी तिच्या दगडी पायाच्या बोटावरून स्वतःचं बोट फिरवलं.

"कोनी केलं असंल वं हे? हातच ना मानसाचे?"

गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी म्हटलं, "आई, आत पण बघून येऊ. इथं कुणी अडवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अडवत नाही म्हनून जाऊ काय? मले जायचं नाही, म्हनून मी नाही जात."

मी पायरीवरून मागं फिरले.

मग देवळाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथून वालधुनी वाहते. पाणी लाल होतं. गढूळ नव्हे, चक्क लाल, हळदीकुंकवातलं कुंकू कालवावं तसं, वर साबणासारखा फेस आणि नाकात झोंबणारा वास. मी इथं राहत होते आणि मला याचा पत्ता नव्हता. काठावर एक बाई शेळी घेऊन उभी होती. ती सहज म्हणाली, "आज लाल हाय. काल निळं होतं. कारखान्यातून येतं तसं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं भोवळ आली. पण त्या पाण्याकडेच पाहत होत्या.

"हे पानी हाये?"

"हो, आई."

"नदीच हाये ना हे? नाली तं नाही?"

"नदीच आहे."

"अव माय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. "नदीले असं कोन करते? यायच्या घरात कोनी मानूस नाही काय?"

त्या दिवशी संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. यांना वाटलं प्रवासाचा शीण. मी म्हटलं, नदी पाहून आल्यापासून अशाच आहेत. यावर हे हसले. "नदी? आईला नदीचं काय कौतुक? तिला तर पाण्याची भीती. आम्हाला लहानपणी नदीकडे फिरकू द्यायची नाही."

दोन-चार दिवसांनी मी त्यांना उल्हासनगरला नेलं, पाच नंबरच्या बाजारात. त्यांच्यासाठी स्वेटर घ्यायचं होतं आणि तिथं सगळं मिळतं असं शेजारणी सांगत. जिथं पाहावं तिथं दुकान, आणि दुकानावर बाया. सलवार-कमीज घातलेल्या, सोन्याच्या बांगड्या भरलेल्या सिंधी बाया स्वतः गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होत्या, हमालावर ओरडत होत्या. सासूबाई एका दुकानासमोर उभ्याच राहिल्या.

"हिचा नवरा कोठी गेला?"

"असेल आत. नाहीतर माल आणायला गेला असेल."

"अन् हे एकटीच बसून ऱ्हायली? बाप्पा!"

त्या बाईनं हाक मारली, "आओ अम्मा, बैठो, पंखे के नीचे बैठो. लेना मत, बैठो तो सही." सासूबाई बसल्या, पाणी प्याल्या, आणि स्वेटर मात्र दुसऱ्याच दुकानातून घेतलं. मला हसू आलं.

तिथून जवळच एक बाग होती. बाग कसली, लाल मातीचं आवार, चार बाकं, एक बंद पडलेलं कारंजं आणि पोरांसाठी लोखंडी झोपाळे. दुपारची वेळ, पोरं शाळेत. एका झोपाळ्यावर सासूबाईंच्याच वयाची एक सिंधी बाई बसून मोठमोठे झोके घेत होती. पायात कापडी बूट, ओढणी कमरेला बांधलेली, केस पांढरे. सासूबाई जागच्या जागी थिजल्या.

"या वयात?" त्या माझ्या कानात म्हणाल्या. "हिले लाज नाही काय?"

कुजबुज तिला ऐकू गेली की काय कोण जाणे. झोका थांबवून ती हसत म्हणाली, "आ जाओ बहन. दूसरा खाली है."

मी सावरून घ्यायला पुढं झाले, की नाही नाही, आम्ही जरा बसायला आलोय. तोवर सासूबाई निघाल्याही होत्या. त्या झोपाळ्यावर बसल्या. साखळ्या घट्ट धरल्या. आधी नुसत्या बसून राहिल्या, मग पायाच्या अंगठ्यानं जमीन रेटली. मी तोंड उघडं टाकून पाहत होते. सासऱ्यांसमोर मान वर न करणारी ही बाई भर दुपारी, भर रस्त्याच्या कडेला झोके घेत होती आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागं उडाला होता.

दोघींचं बोलणं सुरू झालं. सासूबाईंचं हिंदी म्हणजे आमचं वऱ्हाडीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. तरी दोघींना एकमेकींचं कळत होतं. ती बाई लहानपणी फाळणीत बोटीतून आली होती. इथल्या मिल्ट्रीच्या बराकीत वाढली, तिथंच तिचं लग्न झालं. सासूबाईंनी विचारलं, गावाकडचं काय आठवतं? ती म्हणाली, "नदी. हमारा दरिया वहीं रह गया."

"कितना बडा था?"

"सामने का किनारा दिखता नहीं था, बहन."

सासूबाई झोका थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या.

परत रिक्षानं आलो. घराजवळ उतरल्यावर मला म्हणाल्या, "तिची नदी तं दुसऱ्या मुलखात गेली. पोरी, इथं चांगल्या पान्याची एखादी नदी नाही काय?"

शेजारणीनं सांगितलं, बदलापूरला जा. तिथं उल्हास नदी आहे, पाणी बारा महिने, स्वच्छ. लोक सहलीला जातात. मी डब्यात भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी घेतली. तेव्हाचं बदलापूर म्हणजे गावच. पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला थोडी घरं, आणि मग भाताची शेतं. मांजर्लीच्या बाजूनं विचारत विचारत आम्ही पायी नदीवर पोचलो. नुकती कापणी झालेली, वाटेवर पेंढ्याचा वास. नदी दिसली तशी सासूबाईंची चाल वाढली. मला त्यांना गाठायला पळावं लागलं.

पाणी खरंच चांगलं होतं. हिरवट, संथ, आणि मधोमध धार लागलेली. वरच्या अंगाला खडकावर तीन-चार बायका कपडे धूत होत्या. एक माणूस म्हशी पाण्यात घालून बिडी ओढत बसला होता. मी डबा ठेवायला सावली शोधत होते, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"इथं वरचा घाट कोनाचा अन् खालचा कोनाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हंजे आपन कोठी उतरायचं?"

आणि मग तो प्रश्न कळला. मी शिकलेली, रेल्वे कॉलनीत वाढलेली. हे सगळं मी भाषणांत ऐकलं होतं, पुस्तकांत वाचलं होतं. पण माझं मनगट धरून, खऱ्या नदीकडे पाहत, खऱ्या उत्तरासाठी कुणी मला हे विचारील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आई, आता असं काही नसतं. नदी सगळ्यांची आहे."

"तुले काय माहीत? तू इथली हायस काय? पुसून घे एकडाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गेले. कपडे धुणाऱ्या बायकांपैकी सगळ्यात वयस्क बाईला कसंबसं विचारलं, की आमच्या आईंना पाण्यात पाय बुडवायचेत, तर इथं कुठंही उतरलं तर चालेल का?

तिनं हातातला कपडा खडकावर आपटला. "नदी काय कोनाच्या बापाची हाय? उतरू दे कुठं पन. त्या काळ्या दगडाच्या पुढं खोल हाय, तेवढं सांग."

मी येऊन सांगितलं. सासूबाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. चपला काढल्या. काष्टा नीट वर खोचला, पदर कमरेला घट्ट आवळला. मला वाटलं पाय धुतील, चूळ भरतील. त्या घोटाभर पाण्यात गेल्या, मग गुडघाभर, मग कमरेएवढ्या.

"आई, बस! पुढं नका जाऊ!"

त्यांनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. काळ्या दगडाच्या पुढं एक पाऊल टाकलं आणि पाण्याखाली गेल्या.

पाणी वर मिटलं. मी वाट पाहिली. काही वर आलं नाही.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं. इतकी ओरडले की घसा पुढं दोन दिवस बसला होता. मला पोहता येत नाही, तरी मी साडीसकट पाण्यात शिरले आणि पाय शेवाळावर घसरून पडले. "आई बुडाल्या! अहो कुणीतरी धावा!" बायका कपडे टाकून उठल्या. म्हशीवाला बिडी फेकून धावत आला. माझ्या डोक्यात एकच: यांना काय सांगू? तुमची आई शहर बघायला आली होती, तिला मी नदीत घालवली?

"ती बघ! ती बघ तुझी आई!" कपडे धुणारी म्हातारी बोट दाखवत होती.

पार मधोमध, धारेजवळ, एक पांढरं डोकं वर आलं होतं. अंबाडा सुटून केस पाठीवर पसरले होते. मी पुन्हा ओरडणार, तेवढ्यात त्या डोक्याशेजारून एक हात निघाला, पाणी कापून गेला. मग दुसरा. सासूबाई पोहत होत्या. घाईनं नाही, जीव वाचवायला नाही. आपल्या परसात फिरावं तशा. धारेत शिरल्या तशा थोड्या खाली वाहत गेल्या, तिरक्या झाल्या, आणि तिरक्यानंच पलीकडच्या काठाला लागल्या. तिथं एका दगडावर चढून बसल्या आणि लुगड्याचा सोगा पिळू लागल्या.

म्हशीवाला कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. "आयला," तो म्हणाला, "ही तर मगर हाय."

बायका हसायला लागल्या. मी काठावर चिखलात बसले आणि हुंदके देऊन रडले.

पुष्कळ वेळानं त्या तशाच परत आल्या. पाण्यातून बाहेर येताना त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मला इतका राग आला, की सून म्हणून जे बोलू नये ते मी बोलले.

"असं करतात का? सांगायचं नाही? मी मेले असते इथं भीतीनं!"

"काहून रडून राहिली? मी का बुडाली होती?"

"मला काय माहीत तुम्हाला पोहता येतं ते!"

"कोनालेच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

त्या म्हातारीनं एक कोरडं लुगडं दिलं, स्वतःचंच धुवून वाळवलेलं. खडकाआड त्यांनी ते नेसलं. मग भाकरी खाता खाता त्या बोलल्या, तुटक तुटक, नदीकडे पाहतच. त्यांच्या माहेरी वर्धा नदी. उन्हाळ्यात वाळूत त्यांचे वडील डांगरांचे वेल लावायचे. वेल पलीकडच्या काठाला, म्हणून पोरीला पोहायला शिकवलं. वरचा घाट गावाचा, खालचा त्यांच्या वस्तीचा. "खालच्या अंगाले पानी जास्त खोल व्हतं," त्या म्हणाल्या. "तेवढंच आमचं चांगलं झालं. सारे पवायले शिकले." लग्न होऊन सासरी आल्या, तिथंही नदी. पहिल्याच उन्हाळ्यात धुणं घेऊन गेल्या आणि न राहवून पाण्यात उडी मारली. कुणीतरी घरी सांगितलं. त्यांच्या सासूनं अंगणात उभं करून म्हटलं, की आता आपण नवा धम्म घेतला, आपण सुधारलेली माणसं झालो, सून नदीत म्हशीवानी डुंबते असं कुणी म्हणता कामा नये.

"मग?"

"मग काय? नाही गेली."

"इतकी वर्षं?"

त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यात बुडवून खाल्ला.

मला वाटलं होतं ही गोष्ट आमच्या दोघींतच राहील. पण संध्याकाळी हे कामावरून आले, तेव्हा ओलं नऊवारी गॅलरीत वाळत होतं आणि सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं, "आज मी नदीत पवली."

हे हसले. त्यांना थट्टा वाटली. माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून हसू थांबलं.

"खरं?"

"या काठाहून त्या काठाले," सासूबाई म्हणाल्या.

हे खाटेवर बसले. बूटही काढले नव्हते. "तुला पोहता येतं?"

"येते."

"आई, नदीवर गेलो म्हणून तू मला चुलीतल्या लाकडानं मारलं होतंस. माझ्या पाठीवर अजून वण आहे. सगळी पोरं पोहायची, मी एकटा काठावर बसून कपडे सांभाळायचो. मला वाटायचं, तुला पाण्याची भीती आहे."

सासूबाईंची सुरी थांबली.

"तुला येत होतं, तर मला का नाही शिकवलं?"

त्यांनी सुरी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "शिकवाले मले पान्यात उतरा लागलं असतं ना रे."

बाजूच्या खोलीत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. हे उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले, त्या ओल्या लुगड्याच्या मागं. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. त्या रात्री दोघं मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोघांच्या मध्ये ताटं मांडत राहिले. त्या घरात मी कुणाला ओळखत होते, असं मला त्या दिवशी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

रविवारी यांनी सुट्टी घेतली आणि काही न बोलता आईला घेऊन बदलापूरला निघाले. मीही गेले. सासूबाई पोहल्या. हे काठावर उभे राहून पाहत होते, जत्रेत हरवलेल्या पोरासारखे. सासूबाईंनी हाक मारली, "ये, धरते मी." हे चपला काढून गुडघाभर पाण्यात गेले. त्यापुढं त्यांचे पाय गेले नाहीत. सासूबाई त्यांच्यापर्यंत आल्या, हात धरला, ओढलं नाही. दोघं तसेच उभे राहिले. हे पुढंही पोहायला कधी शिकले नाहीत.

गावी परत गेल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांनाही सांगितलं. सासरे म्हणे ताटावरून उठून गेले आणि आठवडाभर अबोला धरला. आम्हाला हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता काही त्यांना परत पाठवत नाहीत. पण पुढच्या वर्षी त्या आल्या, आणि सासरेही बरोबर आले. मला म्हणाले, "मले काही शहर-फिहर पाहायचं नाही." आणि बदलापूरला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या आधी टोपी घालून दाराशी उभे.

नदीवर पोचल्यावर ते एका दगडावर पाण्याकडे पाठ करून बसले. सासूबाई पाण्यात उतरल्या तसे ते शेतांकडे बघत राहिले. मी त्यांच्याजवळच बसले होते. थोड्या वेळानं, मान न वळवता, त्यांनी मला विचारलं, "कोठपर्यंत गेली?"

"मधोमध आहेत."

मग पुन्हा, "आता?"

"पोचल्या पलीकडे."

"बसली काय दगडावर?"

"बसल्या."

सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता वापस येईल तवा सांगजो," ते म्हणाले.